बाईंचे सहा अभ्रे

घडीमावशी पुढच्या महिन्यात निवृत्त होतेय. मॅनेजर म्हणाले, "सिस्टर, तिच्यावर चार शब्द लिहून द्या. तुमच्याइतकं तिला कोण ओळखतं?" चार शब्द दिले. कष्टाळू, वक्तशीर, मनमिळाऊ, आणि चौथा काही केल्या सुचेना म्हणून अबोल. तेवढे फलकावर लागतील, टाळ्या वाजतील, चहा होईल. पण खरं काय ते कुठंतरी लिहून ठेवायला हवं. खरं हे आहे की मी तिच्यावर जळले. थोडीथोडकी नाही, चांगली मनापासून जळले. आणि त्या जळण्याचा त्रास तिला झाला नाही, मलाही झाला नाही. तो तिसऱ्याच एका माणसानं अकरा दिवस सोसला.

आमचा वृद्धाश्रम तीन मजली. खालच्या मजल्यावर चालते-फिरते, मधल्यावर काठीवाले आणि वरच्या मजल्यावर ज्यांनी अंथरूण धरलंय ते. वरचा मजला माझा. बावीस खाटा, मधून लांबलचक व्हरांडा, टोकाला औषधांचं कपाट आणि माझं टेबल. तिथल्या माणसांना आता बरं करायचं नसतं. त्यांना दुखू नये, तोंड कोरडं पडू नये, पाठीला जखम होऊ नये आणि शेवटाला कुणीतरी जवळ असावं, एवढंच काम. एवढंच म्हणते खरी, पण ते करता करता माझे केस पिकले.

लॉन्ड्री तळघरात. दोन यंत्रं, एक इस्त्रीचं टेबल, भिंतभर फळ्या आणि बारा महिने उकाडा. खाली येणाऱ्या आणि वर जाणाऱ्या प्रत्येक खाटेच्या गठ्ठ्याला नंबराची चिठ्ठी. घडीमावशी तिथे रुजू झाली तेव्हा पन्नाशीला टेकली होती. त्याआधी एका मोठ्या हॉटेलात चादरी धुण्यात तिची चौदा वर्षं गेली होती. घडी अशी घालायची की चारही कोपरे एकावर एक बसलेच पाहिजेत, म्हणून नाव घडीमावशी. हॉटेलातल्या चादरींवरून कुठल्या खोलीतल्या नवराबायकोचं बिनसलंय ते तिला कळायचं म्हणे. "अर्धी चादर चुरगळलेली आणि अर्धीची इस्त्री जशीच्या तशी," ती सांगायची, "म्हणजे एकजण रात्रभर खुर्चीत." स्टाफ खो खो हसायचा. पहिल्यांदा मीही हसले.

त्याच वर्षी आमच्याकडे दर मंगळवारी वेदनाशमनाची डॉक्टर यायला लागली. तरुण, बोलायला गोड, आणि डोक्यात एकच विषय: म्हाताऱ्या माणसाला दुखतंय हे त्यानं सांगायच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे. तिनं दुखण्याचा तक्ता आणला. शून्य ते दहा आकडे, आणि ज्यांना आकडे सांगता येत नाहीत त्यांच्यासाठी चेहऱ्यांची चित्रं, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. दिवसातून तीनदा विचारायचं आणि लिहायचं. काम माझ्या हातात आल्यावर ते चोख होणारच. महिन्याभरात माझ्या मजल्यावर शून्यांची रांग लागली. डॉक्टर म्हणाली, "वा, सिस्टर!" आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्या रांगेत एकच माणूस घोळ घालायचा. टपालआजोबा. जन्मभर सायकलवरून पत्रं वाटलेली, आता अर्धांगवायूनं वाचा गेलेली. चित्रं समोर धरली की ते ठामपणे हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवायचे, आणि दहा मिनिटांनी कूस बदलायला आलेल्या आयाला सणसणीत गुद्दा हाणायचे. मी लिहिलं: दुखणं शून्य, स्वभाव चिडका.

एका मंगळवारी घडीमावशी धुतलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन वर आली. डॉक्टर आणि मी बोलत होतो, तिथंच ती घुटमळली. म्हणाली, "त्या टोकाच्या खाटेवरच्या आजोबांचा डावा खुबा बघता का जरा? चादर तिथेच पिळलेली येते. रोज. बाकीची सगळी सरळ."

मी म्हटलं, "मावशी, चादरी धुवायच्या असतात, वाचायच्या नसतात."

डॉक्टर मात्र उठून गेलीच. खुब्याच्या हाडाला जुनी चीर निघाली. कधीतरी खाटेवरून उतरवताना झालेली, कुणाच्याच ध्यानात न आलेली. औषध सुरू झालं, कूस बदलण्याच्या अर्धा तास आधी द्यायचं ठरलं, आणि चौथ्या दिवशी आजोबांनी आयाला गुद्दा मारायच्या ऐवजी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हसऱ्या चेहऱ्याचंही कोडं सुटलं. डॉक्टरनं चित्रं नुसती समोर धरली, काही विचारलंच नाही, तरी आजोबांचं बोट हसऱ्यावर. त्यांना वाटायचं, यातला कुठला आवडला ते विचारतायत. रडकं तोंड कुणाला आवडेल?

सगळे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सत्तावीस वर्षांची नोकरी, दोन प्रमाणपत्रं, आणि माझ्या खाटेवरच्या माणसाचं दुखणं तळघरातल्या बाईनं शोधून काढावं!

तिथून पुढे दर मंगळवारी एक प्रश्न ठरलेला. "घडीमावशींना विचारलंत का?" कुणाला झोप लागत नाही, कुणी जेवत नाही, कुणी गुरकावतोय, की घडीमावशींना विचारा. हे कमी म्हणून डॉक्टरनं तिला आश्रमाच्या वर्षानुवर्षं चालत आलेल्या मंगळवारच्या स्टाफ मीटिंगला बोलावलं. ती ओले हात एप्रनला पुसत दारात उभी राहिली तर डॉक्टर उठून तिला खुर्ची द्यायला गेली. त्या मीटिंगमध्ये खुर्ची मिळायला मला तीन वर्षं लागली होती.

डॉक्टरनं विचारलं, "हे तुम्ही शिकलात कुठे?"

घडीमावशी खाली बघत म्हणाली, "सासूबाई सहा वर्षं अंथरुणावर होत्या. बोलणं बंद. चादरी फाडायच्या. मी ओरडायचे, रोज नवी चादर कुठून आणू म्हणून. एकदा हातावर चापट मारली. त्या गेल्यावर कपडे बदलताना पाठ बघितली."

बस्स, एवढंच. डॉक्टरचे डोळे भरून आले. माझे नाही आले. मला वाटलं, घ्या, आता हिच्याकडे कहाणीही आहे.

तरीही मी हे सगळं पचवलं असतं. टपालआजोबा तिचे झाले, होऊ देत. बावीसातले एकवीस तिचे झाले असते तरी चाललं असतं. पण बाई माझ्या होत्या.

बाई म्हणजे गणिताच्या शिक्षिका. लग्न केलं नाही, चाळीस वर्षं पोरींना बीजगणित शिकवलं आणि आता खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. आजार हाडांत उतरला होता. फार दिवस नाहीत हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. माझ्या आईनं जन्मात मला कधी शाबास म्हटलं नाही. बाई रोज म्हणायच्या. सकाळी मी आत पाऊल टाकलं की, "आली माझी हुशार मुलगी!" मी पन्नाशीची घोडी, पण ते ऐकायला दहा मिनिटं लवकर ड्यूटीवर यायचे. सगळ्या खाटा सारख्या, असं मी नव्या पोरींना बजावायचे, आणि खिडकीजवळची चादर मात्र स्वतः घालायचे. बाईंना दुखण्याचं विचारलं की त्या हात हलवून म्हणायच्या, "शून्य गं. छान आहे." माझ्या तक्त्यातलं सगळ्यात देखणं शून्य होतं ते.

एका दुपारी व्हरांड्यात होते तर बाईंच्या खोलीतून हसणं ऐकू आलं. गडगडाटी. मी दारात जाऊन बघते तर घडीमावशी खाटेच्या पायथ्याशी उभी, मध्ये चादर ताणलेली, दोन कोपरे तिच्या हातात आणि दोन बाईंच्या. बाई पडल्या पडल्या तिला आव्हान देत होत्या. "घाल की! सात घड्या घालशील, फार तर. आठवी व्हायचीच नाही. लाव पैज!" आणि घडीमावशी, जिला मी कधी दात दाखवताना पाहिलं नव्हतं, ती हसून हसून कडेच्या खुर्चीवर कोसळली. बाई तोंड उघडं टाकून हसत होत्या. केस विस्कटलेले, गाऊन खांद्यावरून घसरलेला, कशाची शुद्ध नाही.

मी दिसले तशा त्या सावरल्या. गाऊन नीट केला, केसांवरून हात फिरवला. "ये ये, माझी हुशार मुलगी." मला तेव्हा तो माझा मान वाटला होता.

मग रोज दुपारी दोनला घडीमावशी वर येऊ लागली. निमित्त अभ्रे बदलण्याचं. बाई चहाबरोबरच्या बिस्किटातलं अर्धं तिच्यासाठी बशीत ठेवायच्या. मला कधी बिस्कीट ठेवलं नव्हतं. मला बिस्कीट आवडतही नाही, पण ते अर्धं बिस्कीट बघून माझ्या घशाखाली चहा उतरायचा नाही. मी कामं काढून त्या वेळेला तिथून जायचे. नाडी बघायचे, पडदा सारखा करायचे, घड्याळाकडे बघून "चला, आराम करा आता" म्हणायचे. माझं वागणं पोरकट आहे हे मला कळत होतं. कळून काय उपयोग?

अशातच एकदा घडीमावशी माझ्या टेबलाशी आली. हातात उशीचा अभ्रा. "सिस्टर, बाईंना दुखतंय. कोपरा चावलाय बघा."

कोपऱ्यावर दातांच्या बारीक खुणा होत्या. मी म्हटलं, "जुनं कापड आहे, विरलं असेल. मी स्वतः विचारते दिवसातून तीनदा. शून्य आहे."

दोन दिवसांनी पुन्हा आली. "परत चावलाय." मी तक्ता उघडून तिच्यापुढे धरला. शून्यांवरून बोट फिरवत गेले, एकेक वाचून दाखवलं.

तिसऱ्यांदा आली तेव्हा व्हरांड्यात दोन आया होत्या. त्यांच्यादेखत म्हणाली, "सिस्टर, तुम्हाला सांगत नसतील त्या." माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. बाई मला सांगणार नाहीत आणि हिला सांगणार? मी म्हटलं, "मावशी, तुमची जागा खाली आहे. उद्यापासून कपडे व्हरांड्याच्या तोंडाशी ठेवायचे, आत यायचं नाही. आणि डॉक्टरांशी परस्पर बोलायचं नाही. जे असेल ते माझ्यामार्फत."

तेवढ्यानं माझं समाधान होईना. ऑफिसातून सूचना टाइप करून आणली: जंतुसंसर्ग टाळण्यासाठी लॉन्ड्री कर्मचाऱ्यांनी रुग्णकक्षात प्रवेश करू नये. वर प्लॅस्टिक चढवून भिंतीवर चिकटवली. घडीमावशीनं ती वाचली, मान डोलावली आणि गठ्ठा खाली ठेवून निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. मी दोन वाक्यं तयार ठेवली होती, ती तशीच राहिली.

बाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "घडी आली नाही?" मी म्हटलं, "नियम बदललाय, बाई." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "असेल. तू बघतेसच सगळं." बशीतलं अर्धं बिस्कीट त्यांनी तसंच राहू दिलं. मी ते उचलून टाकलं. मला आनंद झाला होता. लपवून काय करू, झालाच होता. मंगळवारी डॉक्टरनं बाईंना विचारलं तर बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मजेत आहे मी." मी शून्य लिहिलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी कापडांची मोजदाद होती. महिन्यातून एकदा मजल्यावरच्या कपाटातल्या चादरी, टॉवेल, अभ्रे मोजून यादीशी ताडून बघायचे. चादरी बरोबर भरल्या. टॉवेल बरोबर. अभ्रे सहा कमी. मी पुन्हा मोजले, तरी सहा कमी. आणि माझ्या मनात काय आलं ते सांगते, कारण त्याशिवाय ही गोष्ट खरी व्हायची नाही. मनात आलं, सापडली! देव पावला तर असं वाटत असेल. मी कुणाला काही बोलले नाही. यादी हातात घेतली आणि एकटीच तळघरात उतरले, तिला रंगेहाथ पकडायला.

घडीमावशी शिवणाच्या यंत्राशी बसली होती. मी म्हटलं, "सहा अभ्रे कमी आहेत."

"आहेत ना," ती म्हणाली. "पाच त्या वरच्या फळीवर. सहावा बाईंच्या उशीला आहे."

फळीवरचे पाच मी खाली काढले. पांढरे, स्वच्छ, इस्त्री केलेले, कोपऱ्याला कोपरा जुळवलेले. प्रत्येकाच्या एका कोपऱ्यात आतून फ्लॅनेलची जाड घडी शिवलेली होती, सुपारीएवढी. वरून बारीक टाके. आणि त्या घडीवर, धुवूनही न गेलेल्या, दातांच्या खुणा. एकाची घडी पार कुरतडली गेली होती, म्हणून तिच्यावर दुसरी बसवली होती.

"हे काय आहे?" मी विचारलं. कळलं होतं तरी विचारलं.

"दोरे निघत होते. दातांत अडकायचे त्यांच्या. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, अभ्र्याला डाग दिसले." ती यंत्राकडे बघत बोलत होती. "मला वर यायचं नाही. डॉक्टरांना सांगायचं नाही. तुम्हाला तीनदा सांगितलं. मग म्हटलं, चावायचंच आहे तर निदान मऊ तरी असू दे. पहिल्या दिवशी घडी शिवून पाठवली. दुसऱ्या दिवशी अभ्रा आला तर बाकीचे कोपरे कोरडे, तेवढाच एक ओला. म्हणजे त्यांना समजलं."

मी तिथे उभी होते. खरं तर मला शरम वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही, पण तिच्याआधी दुसरंच वाटलं. अकरा दिवस या दोघी माझ्या नाकासमोरून, माझ्याच हातांनी बदललेल्या अभ्र्यांमधून एकमेकींशी बोलत होत्या. एकीनं दुखतंय म्हणावं, दुसरीनं कळलं म्हणावं. रोज. आणि मी मधे, कोपरा कधी न चाचपता, उशी थोपटत उभी. त्या अवस्थेतसुद्धा मी जळले. त्यातला एक अभ्रा उचलून जळत जळतच तीन मजले चढले.

बाई खिडकीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी दारातून बघितलं. उशीचा कोपरा दातांत होता, जबडा आवळलेला, मानेच्या शिरा ताठ. मी पाय वाजवला मात्र, कोपरा उशीखाली गेला आणि चेहरा वळला. "आली माझी हुशार मुलगी."

"बाई, दुखतंय का?"

"छे गं. शून्य."

मी फ्लॅनेलची घडी असलेला अभ्रा त्यांच्या छातीवर ठेवला. त्यांनी त्याच्यावरून बोट फिरवलं. कॉपी करताना पकडलेल्या मुलीसारखी त्यांनी नजर चुकवली.

"मला का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला होता. "मी तीनदा विचारते रोज. तिला कळतं, मला सांगत नाही. मी काय कमी केलं तुमचं?"

बाईंनी अभ्रा बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "तू किती खूश व्हायचीस गं. मी शून्य म्हटलं की चेहरा असा उजळायचा तुझा, पैकीच्या पैकी मिळाल्यासारखा. चाळीस वर्षं पोरींचे ते चेहरे बघत आले मी. शेवटी शेवटी तुझा तेवढा राहिला होता. तो उतरलेला बघवला नसता मला."

"आणि ती?"

"तिच्यापुढे काय, नापास झाले तरी चालतं."

मला जे हवं होतं ते मिळालं होतं. बाईंचा जीव माझ्यावरच जास्त होता. त्या जिवापायी त्यांनी अकरा दिवस दात आवळून काढले, आणि त्याच्या आधी किती दिवस, ते मी आजवर धीर करून मोजलेलं नाही.

मी टेबलावरून डॉक्टरला फोन लावला. मंगळवारची वाट बघितली नाही. सगळं सांगितलं, सूचनेचं सुद्धा. ती रागावली नाही, फक्त म्हणाली, "आत्ता येते." तासाभरात आली. मॉर्फिनचं पातळ औषध सुरू झालं, दुखायची वाट न बघता दर चार तासांनी, घड्याळ लावून. अंग पुसायच्या आधी थोडं जास्त. पोट साफ राहायला दुसरं. आणि मधेच दुखलं तर द्यायला एक जादा डोस लिहून ठेवला, त्यासाठी कुणाला विचारायचं कारण नाही, बाईंनी म्हटलं की द्यायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, जबडा सैल. किती दिवसांनी तो सैल झाला होता कोण जाणे. मी भिंतीवरची सूचना नखांनी खरवडून काढली. प्लॅस्टिक निघालं, डिंकाचे चार डाग अजून आहेत.

त्यानंतर आमच्याकडे पद्धतच बदलली. सकाळची ड्यूटी बदलताना आधी घडीमावशी बोलते, मग मी. कुठली चादर कुठे पिळलेली, कुठला अभ्रा ओला, कुणाच्या गाऊनचं बटण ओढलेलं. माझ्या तक्त्यात त्यासाठी वेगळा रकाना आहे. दुसऱ्या आश्रमांतून लोक बघायला येतात, तिलाच प्रश्न विचारतात, तिचेच फोटो काढतात. मी चहाची व्यवस्था बघते. आता सवय झालीय, असं म्हणवत नाही.

बाई त्या शुक्रवारनंतर एकोणतीस दिवसांनी गेल्या. भर दुपारी, शांतपणे. आम्ही दोघी होतो, एक हात तिच्याकडे आणि एक माझ्याकडे. लोक विचारतात तेव्हा मी तेवढंच सांगते, आणि लोकांना ते पुरतं.

पण त्याच्या आठवडाभर आधीची एक सकाळ मी कुणाला सांगितलेली नाही. फोननंतरच्या त्या दिवसांत मी आरशापुढे उभी राहून विचारायचा सराव करायचे. चेहरा कोरा ठेवून, हसू न आणता, आशा न दाखवता. बाईंना रोज तसं विचारायचे. त्या "बरंय" म्हणायच्या, आणि औषधानं खरंच बरं असायचं. त्या सकाळी आयानं त्यांना कुशीवर वळवून नुकतंच नीट निजवलं होतं. मी विचारलं, "बाई, दुखतंय का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिल्या. मी श्वास रोखून कोरी उभी होते.

"दुखतंय," त्या म्हणाल्या. "आठ. खूप दुखतंय गं."

आणि मी धावले. व्हरांडा ओलांडला, जिना उतरले, मधला मजला, खालचा मजला, तळघर. माझा ऊर भरून आला होता. घडीमावशी यंत्रात चादरी कोंबत होती. मी दारातूनच ओरडले, "मला सांगितलं! मावशी, मला सांगितलं बाईंनी! आठ म्हणाल्या, स्वतःच्या तोंडानं! मला!"

तिनं हातातली चादर खाली ठेवली. "मग," ती म्हणाली, "औषध दिलंत?"

मी तशीच मागे वळले. वर तीन मजले चढायचे होते, आणि बाई वाट बघत होत्या.